इरेज हेडवरचा पुठ्ठा

१९८८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरातल्या टू-इन-वन टेपरेकॉर्डरचे झाकण उघडले आणि आत काडेपेटीचा पुठ्ठा कुठे घालता येईल ते शोधू लागलो. याला कारण मुंबईचा माझा मामेभाऊ. त्याने मला 'ट्यूब्युलर बेल्स' या ध्वनिमुद्रिकेची एक कॅसेट भरून दिली होती आणि सोबत एक गोष्ट सांगितली होती : माइक ओल्डफील्ड नावाचा सतरा-अठरा वर्षांचा एक इंग्रज मुलगा, दुसऱ्याकडून आणलेला टेपरेकॉर्डर आणि आधीचे पुसले जाऊ नये म्हणून त्या यंत्राच्या इरेज हेडवर, म्हणजे टेपवरचे जुने पुसणाऱ्या भागावर, चिकटपट्टीने बसवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. आधीचे पुसले गेले नाही, की गिटारवर ऑर्गन, ऑर्गनवर आणखी एक गिटार असे थर चढवत एकाच माणसाला अख्खा वाद्यवृंद उभा करता येतो. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, घरात बाजाची पेटी होती, आणि एवढ्या भांडवलावर आपलेही काम भागेल असा माझा समज होता.

पुठ्ठा लावूनही आधीचे पुसलेच गेले, म्हणून यंत्र पिशवीत घालून सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. माझे म्हणणे ऐकून तो आधी म्हणाला, "काय करायलास बे, चांगलं मशीन बिघडवायलास?" मग त्याने दाखवले, की आमच्या यंत्रात इरेज हेड म्हणजे नुसता एक लोहचुंबक होता, आणि रेकॉर्डचे बटण दाबले की तो पुढे सरकून टेपला टेकत असे. त्याची पट्टी चिमट्याने वाकवून चुंबक टेपपासून दूर ठेवायला त्याला अर्धा मिनिटही लागले नाही. घरी येऊन मी पेटीवर एक सरगम रेकॉर्ड केली, टेप मागे नेऊन तिच्यावर दुसरी चढवली आणि ऐकत बसलो. दुसरी स्वच्छ होती, पहिली मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखी. कारण पुढे कळले : रेकॉर्डिंग हेड नवे उमटवताना जुने थोडे खोडतच असते, आणि त्यात सर्वांत आधी जातात ते वरचे, धारदार स्वर. शिवाय आमचे घर साखर पेठेत, भिंतीपलीकडे मागांचा कारखाना, त्यामुळे धोट्याचा खडखडाट मात्र दोन्ही थरांत शाबूत होता. तिसरा थर मी चढवला नाही.

माइक ओल्डफील्डच्या कारकिर्दीकडे मी तेव्हापासून या पुठ्ठ्याच्या बाजूने पाहत आलो आहे. त्याचा जन्म १५ मे १९५३ रोजी रेडिंग येथे झाला. वडील डॉक्टर होते, आईचे मानसिक आजारपण घरावर सावली धरून होते, आणि मुलगा गिटार घेऊन स्वतःच्या खोलीत तासन्तास बसत असे. थोरली बहीण सॅली हिच्याबरोबर त्याने कोवळ्या वयात एक लोकगीतांच्या ढंगाची ध्वनिमुद्रिका काढली आणि पुढे केव्हिन एअर्स या इंग्रज गायकाच्या वाद्यवृंदात तो बास गिटार वाजवू लागला. त्या काळात अॅबी रोड स्टुडिओत तो इतरांच्या आधी पोहोचत असे आणि तिथे पडून असलेली वाद्ये एकेक करून हाताळत असे. अनेक वाद्ये वाजवणाऱ्या माणसाबद्दल आपण 'उपजत' हा शब्द फार लवकर वापरतो. मला या लवकर पोहोचण्याचे अप्रूप अधिक वाटते. बँग अँड ओलुफसेन कंपनीचा तो टेपरेकॉर्डरही एअर्सचाच.

पुठ्ठ्याच्या साहाय्याने तयार झालेली ती कच्ची टेप घेऊन ओल्डफील्ड रेकॉर्ड कंपन्यांकडे गेला आणि सगळीकडून परत आला. शब्द नाहीत, गायक नाही, असे संगीत विकायचे कसे, अशी अडचण होती. ऑक्सफर्डशायरमधल्या शिप्टन-ऑन-चेरवेल या गावी एका जुन्या वाड्यात रिचर्ड ब्रॅन्सन तेव्हा 'द मॅनॉर' नावाचा स्टुडिओ उभारत होता. तिथे दुसऱ्या कुणासाठी बास वाजवायला गेलेल्या ओल्डफील्डने ती टेप टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ या ध्वनिमुद्रकांना ऐकवली. ही दोन नावे लक्षात ठेवावीत. ओल्डफील्डची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक ब्रॅन्सनपाशी रेंगाळतात, कारण तो पुढे विमान कंपनीचा मालक झाला. परंतु टेप ऐकून तिच्यात काय आहे हे ओळखणारे आणि नंतर काचेपलीकडे बसून काम करणारे न्यूमन आणि हेवर्थ होते.

नोव्हेंबर १९७२ मध्ये त्याला स्टुडिओचा एक आठवडा मिळाला आणि त्यात पहिली बाजू झाली. दुसरी बाजू इतर वाद्यवृंदांनी सोडलेल्या फावल्या वेळात, पुढच्या वसंतापर्यंत रेंगाळत पूर्ण झाली. यंत्र आता सोळा ट्रॅकचे, म्हणजे सोळा थर वेगवेगळे ठेवणारे होते, त्यामुळे पुठ्ठ्याची गरज संपली होती, पण रीत तीच राहिली : एक वाद्य वाजवायचे, ते ऐकत दुसरे वाजवायचे. जॉन केल या संगीतकाराचे रेकॉर्डिंग संपवून त्याची वाद्ये स्टुडिओबाहेर नेली जात असताना त्यांत ओल्डफील्डला धातूच्या लांब नळ्यांची घंटा दिसली आणि ती राहू द्या, अशी विनंती त्याने केली. नेहमीच्या हातोडीने हवा तसा दणका उमटेना, म्हणून साधा लोखंडी हातोडा वापरला गेला. पहिल्या बाजूच्या शेवटी व्हिव्हियन स्टॅनशॉल हा इंग्रज कलावंत एखाद्या दरबारी भालदाराच्या थाटात एकेका वाद्याचे नाव पुकारतो, ते वाद्य येऊन तीच धून वाजवते, आणि सर्वांत शेवटी ट्यूब्युलर बेल्सचे नाव येते. ध्वनिमुद्रिकेला नावही तेच मिळाले.

आरंभीची ती प्रसिद्ध पियानोची धून मी आमच्या काकांना ऐकवली होती. काका भजनी मंडळात तबला वाजवत आणि इंग्रजी संगीताला सरसकट 'ढणढण' म्हणत. त्यांनी मांडीवर बोटे धरली, दोन आवर्तने काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "पंधरा आहेत. सात आणि आठ." पंचम सवारी या तालाच्या पंधरा मात्रांचे विभाग तीन, चार, चार आणि चार असे पडतात, म्हणजे पहिल्या दोघांचे सात आणि उरलेल्या दोघांचे आठ, हे त्यांनी मला समजावून सांगितले. ओल्डफील्डला पंचम सवारी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ऐकणाऱ्याला समेची वाट पाहायला लावावी आणि ती अपेक्षेपेक्षा एक मात्रा आधीच यावी, ही गंमत मात्र त्याला नेमकी सापडली होती. ती धून वीस मिनिटे ऐकूनही शिळी होत नाही, याचे निम्मे श्रेय मी त्या गहाळ सोळाव्या मात्रेला देतो.

२५ मे १९७३ रोजी 'ट्यूब्युलर बेल्स' ब्रॅन्सनच्या व्हर्जिन या नव्या कंपनीची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून बाजारात आली. वादकाला वीस वर्षे पूर्ण होऊन दहा दिवस झाले होते. महिन्याभराने लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये कार्यक्रम ठरला, तेव्हा भेदरलेल्या ओल्डफील्डला मंचावर चढवण्यासाठी ब्रॅन्सनने स्वतःची बेंटले मोटार त्याला देऊ केली. डिसेंबरमध्ये 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटात आरंभीची धून वापरली गेली आणि अमेरिकेतही ही ध्वनिमुद्रिका जाऊन पोहोचली. तेव्हापासून असंख्य लोकांच्या मनात ती धून भुताखेतांशी जोडली गेली आहे, आणि यासारखा अन्याय दुसरा नाही. पूर्ण रचना ऐकणाऱ्याला तिच्यात खट्याळपणा जास्त सापडतो. ऑक्टोबर १९७४ मध्ये तर ब्रिटनच्या खपाच्या यादीत अग्रस्थानी असलेल्या त्याच्याच 'हर्जेस्ट रिज'ला खाली ढकलून 'ट्यूब्युलर बेल्स' तिथे जाऊन बसली. दुसऱ्या अपत्याचे बारसे चालू असताना थोरल्याने पाळण्यात येऊन बसावे, तसा हा प्रकार. त्याच्या पुढच्या कारकिर्दीत हा थोरला पाळण्यातून फारसा उतरलाच नाही.

१९७५ चे 'ओमाडॉन' हे मला त्याचे सर्वश्रेष्ठ काम वाटते. हर्फर्डशायरमधल्या घरातच त्याने आता स्टुडिओ मांडला होता. तिथे त्याने पहिल्या बाजूवर इतके थर चढवले, की सतत मागे-पुढे फिरून टेपवरचा चुंबकीय लेप सुटू लागला, आणि जवळजवळ पूर्ण झालेली बाजू टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून वाजवावी लागली. त्याच वर्षाच्या आरंभी त्याची आई वारली होती. पहिल्या बाजूच्या अखेरीस 'जाबुला' या वाद्यवृंदाचे आफ्रिकन ढोल चढत जातात आणि त्यांच्यावर गिटार अक्षरशः टाहो फोडते, ते वादन या दुसऱ्या खेपेचे आहे. पहिली खेप टिकली असती, तर ते असेच झाले असते का, हा विचार ती बाजू ऐकताना दर वेळी माझ्या मनात येतो.

पुढचा काळ मी भराभर ओलांडतो. १९७८ मध्ये एका शिबिरातून तो अंतर्बाह्य बदलून बाहेर आला, म्हणजे निदान लोकांशी बोलू लागला. १९७९ मध्ये भलामोठा ताफा घेऊन युरोपचा दौरा केला आणि त्यात पैसे घालवले. १९८३ मध्ये मॅगी रायलीच्या आवाजातले 'मूनलाइट शॅडो' गाजले, आणि १९८४ मध्ये 'द किलिंग फील्ड्स' या चित्रपटाचे पार्श्वसंगीत झाले. गाणी चांगली आहेत. मात्र चार मिनिटांच्या गाण्यात तो नेहमी पाहुण्यासारखा वाटतो.

१९९० मध्ये व्हर्जिनशी बिनसले असताना 'अमारॉक' आले, आणि निर्मितीसाठी टॉम न्यूमन परत आला. तासाभराची ही एकच सलग रचना आहे. कंपनीला तुकडा काढून सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची तबकडी, म्हणून विकता येऊ नये, अशी तिची बांधणी आहे, आणि मध्ये मोर्स लिपीत ब्रॅन्सनला हासडलेली एक शिवी आहे. इतका मोकळा, इतका वात्रट ओल्डफील्ड पुन्हा ऐकायला मिळाला नाही. १९९२ च्या 'ट्यूब्युलर बेल्स २' मध्ये न्यूमनच्या जोडीला ट्रेव्हर हॉर्नसारखा काटेकोर निर्माता होता. त्यामुळे ती जुन्या आराखड्यावर उठवलेली असूनही नवी वाटते. याउलट २००३ मध्ये त्याने मूळ रचना नव्या यंत्रांवर, पूर्वी घाईत राहिलेल्या चुका दुरुस्त करत, पुन्हा वाजवली. सूर जुळलेले, ठोके नेमके, आणि ऐकून झाल्यावर मनात काही उरत नाही.

अनेक वाद्ये एकट्याने वाजवणाऱ्या माणसाला सोबत्यांची गरज नसते, असा माझा पंधराव्या वर्षीचा समज होता. ओल्डफील्डचे काम ओळीने ऐकले, की दिसते ते असे, की वादक तो एकटा पुरतो, परंतु निर्माता म्हणून तो एकटा असतो तेव्हा 'आता पुरे, हे असेच राहू दे' असे म्हणणारे कुणी खोलीत नसते. याला माझ्या ऐकण्यात असलेला मोठा अपवाद म्हणजे २०१७ चे 'रिटर्न टू ओमाडॉन'. बहामा बेटांवरच्या घरी, सगळी वाद्ये स्वतः वाजवून, वयाच्या साठीनंतर केलेल्या या कामात बोटांचा तारेवरून घासल्याचा आवाजही त्याने तसाच ठेवला आहे.

मामेभावाने भरून दिलेली ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. ती कोरी नव्हती. वडिलांनी आकाशवाणीवरून काहीबाही उतरवून घेतलेली कॅसेटच मी त्याला दिली होती, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटवर दुसरी बाजू सहा-सात मिनिटे आधीच संपते. शेवटची खलाशी नाचाची धून वेग घेत घेत थांबते, क्षणभर खरखर होते आणि पुरुषी आवाजात सोलापूर बाजार समितीतले ज्वारीचे भाव सुरू होतात. आज मोबाइलवर तीच रचना संपते, तेव्हा नंतरच्या शांततेत मी मालदांडीचा भाव ऐकण्यासाठी थांबलेला असतो.