राजीनाम्याच्या आधीचे सहा महिने

"राजीनामा दिला नसता, तर चिंतामणराव देशमुख आज कुणाच्या लक्षात राहिले असते का?" स्पर्धा परीक्षेच्या पोरांपुढे बोलायला गेलो की हा प्रश्न ठरलेला. चिंतामणराव म्हणजे नेहरूंचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडलेले. मी आयुर्विमा महामंडळात बत्तीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर जुन्या अर्थसंकल्पांवर बोलायचा नाद लागला, म्हणून लोक मलाच धरतात. कार्यक्रमात मी दोन वाक्यांत वेळ मारून नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या घरी आजोबांच्या विम्याच्या पावत्या आहेत, दोऱ्यानं बांधलेल्या. पॉलिसी अर्थातच नाही, पैसे घेताना ती परत द्यावी लागते. हजार रुपयांचा विमा, वीस वर्षं मुदत, वर्षाचा हप्ता अठ्ठेचाळीस रुपये आणि वर काही आणे. कंपनी सातारची, वेस्टर्न इंडिया, १९१३ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी काढलेली. मे १९५६ ची पावती नीट बघण्यासारखी आहे. वर नाव वेस्टर्न इंडियाचंच, पण तोवर कंपनीचा कारभार सरकारच्या हातात गेलेला. मे १९५७ च्या पावतीवर नाव आयुर्विमा महामंडळाचं. या दोन कागदांच्या मध्ये जे घडलं, ते चिंतामणरावांचं काम.

१९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला आणि त्याच रात्री अर्थमंत्र्यांनी आकाशवाणीवरून सांगितलं की आयुर्विम्याचा धंदा आता सरकार चालवणार. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या (म्हणजे छोट्या रकमांचे विमे उतरवणाऱ्या संस्था), एकूण २४५. आधी कुणाला सुगावा नाही, कारण लागला असता तर रातोरात तिजोऱ्या रिकाम्या झाल्या असत्या.

आता तारीख बघा. १६ जानेवारीला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहणार असं जाहीर केलं होतं. त्या संध्याकाळपासून गिरगावात, परळला गोळीबार चालू होता. म्हणजे मुंबईत माणसं पडत होती, त्याच आठवड्यात कुलाब्याचा हा खासदार दिल्लीत शांतपणे विम्याचा वटहुकूम वाचत होता. राजीनामा त्यांनी त्याच महिन्यात देऊ केला होता. पण थांबले, फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला, विम्याचं विधेयक तडीस नेलं, आणि जुलैत गेले. लोकांना जुलै पाठ आहे. मला विचाराल तर माणूस जोखायचा तो जानेवारी ते जुलैच्या या सहा महिन्यांत.

विमा ताब्यात घ्यायचं कारण त्यांनी संसदेत उघड सांगितलं होतं. आधीच्या दहा वर्षांत पंचवीस कंपन्या बुडाल्या होत्या, आणखी पंचवीसांनी पैसा असा उधळला होता की त्यांचा धंदा तोट्यात दुसऱ्याच्या गळ्यात घालावा लागला. विधवेच्या आणि पोराबाळांच्या नावानं ठेवलेला पैसा मालकाच्या दुसऱ्या धंद्यात फिरत होता. हे त्यांना सलत होतं, आणि मी ज्या खुर्चीवर बसून क्लेमचे कागद तपासले, तिथून मला ते शंभर टक्के पटतं.

पण सगळ्याच कंपन्या चोर नव्हत्या. सातारची नव्हती. गावातल्या माणसांनी गावातल्या पैशावर उभी केलेली, आजोबांसारख्या शेतकऱ्याला पत्रानं हप्त्याची आठवण करणारी कंपनी बाकीच्या भुरट्यांबरोबर एकाच झाडूनं गेली. चिंतामणरावांना चांगलं आणि वाईट वेगळं काढता आलं नाही, की काढायचंच नव्हतं? मला वाटतं, काढायचं नव्हतं. पंचवार्षिक योजनेला बचतीचा मोठा, एकत्र साठा हवा होता. आणि साठा एकत्र केला की त्याच्या किल्ल्या कुणाच्या तरी हातात द्याव्या लागतात. महामंडळ १ सप्टेंबर १९५६ ला सुरू झालं, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच्या तिजोरीतून हरिदास मुंदडा या सट्टेबाज उद्योगपतीच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गेली. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड्यावर चौकशी केली, चिंतामणरावांनंतरचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना मंत्रिपद सोडावं लागलं. ते पाप चिंतामणरावांचं नव्हे. पण कुलूप कसं असावं, याचा विचार त्यांच्याच काळात व्हायला हवा होता.

बँकेच्या बाबतीत मात्र मी त्यांना पुरे गुण देतो. गोरवाला समितीनं, ज्यात आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते, शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की शंभरातले सत्तरएक रुपये सावकाराकडून येतात, सहकारी संस्थांकडून तीन आणि व्यापारी बँकांकडून एकसुद्धा पुरा नाही. त्यावर १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढायच्या या अटीवर. तालुक्याच्या गावी बँकेची पायरी चढलेली पहिली पिढी या अटीतून आली. सावकार काही त्यामुळे उठला नाही, तो आजही आहे, पण त्याला शेजारी तरी मिळाला.

राहिला दुसरा पंचवार्षिक आराखडा. पहिल्या योजनेच्या अखेरीस भाव सुरुवातीपेक्षाही खाली होते, आणि त्याचं श्रेय निम्मं त्यांना, निम्मं पावसाला. त्या यशानं मंडळी सैल झाली. १२०० कोटींची तूट नोटा छापून भरायची ठरली. अर्थतज्ज्ञांच्या ज्या समितीनं मान डोलावली, तिचे अध्यक्ष चिंतामणराव होते. एकट्या बी. आर. शेणॉयांनी विरोधी टिपण लिहिलं. परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा चिंतामणराव खुर्चीवर नव्हते. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर राहिलेल्या माणसानं हा धोका आधीच ओळखायला हवा होता, असं माझं मत आहे. माझे काही जुने सहकारी या वाक्यावर अजून भांडतात.

आणि राजीनामा? जुलै १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत उभं राहून पंतप्रधानांच्या समोर सांगितलं की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून झाला, गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, आणि महाराष्ट्राबद्दल आकस आहे. घोषणा नाही, हातवारे नाहीत. आयसीएसचा माणूस फाईलवर टिपण लिहावं तसा बोलला. त्यानं राज्य मिळालं का? नाही. काही दिवसांत द्विभाषिकाचा, म्हणजे मराठी आणि गुजराती भाग मिळून एकाच राज्याचा तोडगा निघाला, आणि महाराष्ट्र आला तो हुतात्म्यांच्या रक्तानं आणि १९५७ च्या मतपेट्यांतून. पण आपलं म्हणणं दिल्लीतल्या सगळ्यात मोठ्या खात्यावर बसलेल्या माणसाला पटतं, हे गिरणीतल्या कामगाराला त्या दिवशी कळलं. त्याची किंमत अर्थसंकल्पात मांडता येत नाही, म्हणून मी ती मांडतही नाही.

राजकारणी म्हणून मात्र ते कच्चे होते, हे सांगायला कचरू नये. त्यांच्या मागे ना गट होता ना कार्यकर्ते. १९६९ ला राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर. ज्यांनी विमा आणि इंपीरियल बँक सरकारी केली, त्यांना सरकारीकरणाचं नाव काढताच अंगावर काटा येणारा पक्ष उमेदवारी देतो, आणि तीही इंदिराबाईंनी चौदा बँका ताब्यात घेतल्यावर महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत! तिसरे आले. विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठ सांभाळताना दिसलेले चिंतामणराव मला त्यापेक्षा कितीतरी बरे वाटतात, पण तो वेगळा विषय.

तर लक्षात राहिले असते का? मंचावर मी "हो" म्हणतो. घरी पावत्यांचा दोरा सोडला की तितकी खात्री वाटत नाही. आजोबांच्या विम्याची मुदत १९६१ ला भरली. चेक महामंडळाचा, सही महामंडळाच्या साहेबांची. त्या पैशांतून विहिरीचं बांधकाम झालं. पाणी प्यायला कुणी पाहुणा आला की आजोबा कठड्यावर थाप मारून सांगायचे, "ही आमच्या वेस्टर्न इंडियानं बांधली."