कॉलेज नका शोधू, सीट शोधा

सेलूला तहसीलसमोरच्या ओळीत माझं सेवा केंद्र आहे. पाटीवर केंद्राच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘बी.ई. (कॉम्प्युटर)’ असं लिहिलंय. ती ओळ बाबांच्या हट्टापायी आली, आणि तिच्यामुळंच दर वर्षी मे संपला की सातबारा आणि पीकविम्याच्या रांगेतून एक वेगळा प्रश्न माझ्या टेबलापर्यंत येतो. “भाऊ, पोरगं म्हणायलंय कॉम्प्युटरच घेतो. फी कमी आन् मार्कावर स्कॉलरशिप देणारं एखादं कॉलेज सांगा की.” लग्नात, बस स्टँडवर, एकदा तर दहाव्याला घाटावरसुद्धा हेच विचारलं गेलंय. दर वेळी तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

स्वस्त कॉलेज असं काही नसतं. स्वस्त सीट असते. एका वर्गात, एका बाकावर बसलेली तीन पोरं तीन वेगवेगळ्या फी भरत असतात. आमच्या बाकावर सगळ्यात महागडा मी होतो.

२०१७ ची गोष्ट. सीईटीला मार्क बरे होते, कॅपचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, एक राऊंड बाकी होता. ओळखीतल्या एका माणसानं बाबांना गाठलं. “राऊंडच्या नादाला लागू नका, सीट हातची जाईल. मॅनेजमेंट कोट्यातून, संस्था स्वतः भरते त्या जागेवर, आजच पक्कं करू. डोनेशन नाही, जी फी आहे तीच.” खोटं काही बोलला नाही तो. फी खरंच तीच होती, ७८ हजार शिक्षण शुल्क. दिवाळीच्या आधी माझ्या शेजारी बसणारा जिंतूरचा मित्र ईबीसीचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या फीसवलतीचा, फॉर्म भरायला निघाला, मीही पाठोपाठ ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझी पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “तुमचं कॅपमधून नाही ना.” बस, एवढंच. मित्राला अर्धी फी माफ. चार वर्षांचा हिशोब केला तर माझ्या घरातून त्याच्या घरापेक्षा १ लाख ५६ हजार जास्त गेले. बाबा तेव्हा बोअर घ्यायच्या बेतात होते. तो बेत माझं शेवटचं वर्ष होईपर्यंत लांबला आणि कपाशीला चुलत्याच्या विहिरीचं पाणी उरलं तर मिळायचं.

म्हणून माझ्याकडं कुणी आलं की आधी हे सांगतो. राज्याच्या शिष्यवृत्त्या कॅपमधून आलेल्या पोरांसाठी आहेत. मॅनेजमेंटची सीट घेतली की ते दार बंद. आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठात गेलात तरी बंद, मग इमारत कितीही चकाचक असो. आता कॉलेजंच विद्यापीठं व्हायला लागलीत, त्यामुळं नावावरून कळत नाही. प्रवेश कॅपमधून आहे का, एवढं विचारून घ्या.

मार्कावरची खरी शिष्यवृत्ती म्हणाल तर ती टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. तिच्यात हातात पैसे मिळत नाहीत, फी माफ होते, म्हणून आपल्याकडं लोक तिला शिष्यवृत्तीच समजत नाहीत. प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, म्हणजे साठच्या वर्गाला तीन. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, बाकी निव्वळ मेरिट. शिक्षण शुल्क चारही वर्षं शून्य. ऑप्शन फॉर्ममध्ये तिचा कोड वेगळा असतो आणि नेमका तोच भरायचा राहतो. त्याच कॉलेजचा साधा कोड वर आणि टीएफडब्ल्यूएसचा खाली, असे फॉर्म मी दर वर्षी बघतो. वरची सीट लागली की खालचीकडं यंत्रणा बघतसुद्धा नाही. एक मेख मात्र आहे, या सीटवर पुढं कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. ‘आत्ता सिव्हिल घेऊ, मग कॉम्प्युटरला सरकू’ हा डाव इथं चालत नाही.

टीएफडब्ल्यूएस नाही लागली तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे अजून ईबीसीच म्हणतात. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर निम्मं शिक्षण शुल्क, आणि घरातल्या दोन अपत्यांनाच. ओबीसींनाही निम्मं, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आणि मुलींचं म्हणाल तर २०२४-२५ पासून चित्रच पालटलंय. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी यांतली मुलगी असेल, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खासगी कॉलेजातसुद्धा. हे अजून निम्म्या गावांना माहीत नाही.

गेल्या जुलैत मानवतकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. वायरची पिशवी, तिच्यात कागद, आणि सगळ्यात वर पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक. एजंटानं त्यांना सांगितलं होतं, मुलीला ५० टक्के मेरिट स्कॉलरशिप बसली. माणूस खुशीत होता आणि चार एकरांपैकी दीड एकर गहाण टाकायच्या तयारीत होता. मी एका रद्द झालेल्या पावतीच्या पाठीमागं आकडे मांडले. वर्षाची फी ३ लाख २० हजार, निम्मी गेली तरी १ लाख ६० हजार राहिले. हॉस्टेल-मेस १ लाख १० हजार. चार वर्षांचे १० लाख ८० हजार, तेही स्कॉलरशिप टिकली तर. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं की दुसऱ्या वर्षापासून साडेआठ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण) हवा आणि एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको, नाहीतर पूर्ण फी. मुलीनं ते वाचलेलं होतं. बापाला सांगायचं धाडस झालं नव्हतं.

शेजारी दुसरा हिशोब मांडला. तिच्या पर्सेंटाइलला सरकारी कॉलेजचं कॉम्प्युटर लागणार नव्हतं, पण नांदेड किंवा संभाजीनगरच्या खासगी कॉलेजात कॅपमधून लागत होतं. शिक्षण शुल्क ८५ हजार, एसईबीसीची मुलगी म्हणून शून्य. विकास शुल्क आणि बाकीचं मिळून १४ हजार, खोली-मेस ६५ हजार. चार वर्षांचे ३ लाख १६ हजार. गृहस्थांनी पावती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, “मग त्या पुण्यावाल्याचा फोन आल्यावर काय सांगू?” मुलगी म्हणाली, “बाबा, उचलूच नका.”

हे १४ हजार मात्र नीट बघा. माफी मिळते ती शिक्षण शुल्काची. विकास शुल्क, अनामत, बस, जिमखाना आपल्याच खिशातून जातं. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासगी कॉलेजची मंजूर फी दिलेली असते, शिक्षण आणि विकास अशी फोड करून. प्रवेशाआधी तो आकडा फोनमध्ये उतरवून न्या. खिडकीवर वेगळा आकडा सांगितला तर निदान विचारता तरी येतं.

पर्सेंटाइल चांगलं असेल तर अर्थात आधी सरकारी आणि अनुदानित. आपल्या मराठवाड्यातली दोन नावं, दोन्ही जुनी आणि स्वायत्त: संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, १९६० सालचं, आणि नांदेडला विष्णुपुरीचं श्री गुरू गोबिंदसिंहजी, १९८१ चं. जेईई चांगली गेली असेल तर आयआयटीची फी ऐकून घाबरू नका. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर तिथं शिक्षण शुल्क पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश माफ, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग मुलांना उत्पन्न न बघता पूर्ण.

दहावीच्या पोरांचे आईबाप आले की मी हळूच पॉलिटेक्निकचं नाव काढतो. तोंडं वाकडी होतात. डिप्लोमा म्हणजे अजूनही ‘नापासांचं’. पण सरकारी पॉलिटेक्निकची फी काही हजारांत असते, तीन वर्षांनी थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगमध्ये प्रवेश मिळतो, आणि अकरावी-बारावीच्या लातूर-नांदेडच्या क्लासचे लाख-दीड लाख वाचतात. तो खर्च ‘शिक्षणाच्या’ हिशोबात कुणी धरतच नाही, हे एक आश्चर्यच. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून पुढं एमसीए, हाही रस्ता कमी खर्चाचा. बीसीए धरणार असाल तर २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे, ती चुकवू नका.

आता वरखर्चाला हातभार लावणाऱ्या शिष्यवृत्त्या. केंद्राची एक आहे, बारावीच्या बोर्डाच्या मार्कांवर, वरच्या २० पर्सेंटाइलमधल्या मुलांना, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. वर्षाला १२ हजार, चौथ्या वर्षी २० हजार. पण ही घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेता येत नाही, त्यामुळं आधी ईबीसीची निम्मी फी किती होते ते बघा, मग ठरवा. एआयसीटीई, म्हणजे केंद्राची तंत्रशिक्षण परिषद, तिची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मुलींसाठी, वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. रिलायन्स फाउंडेशनची पदवीला पहिल्या वर्षात असताना मिळते, पूर्ण अभ्यासक्रमाला मिळून २ लाखांपर्यंत. तिला एक ऑनलाइन परीक्षा असते आणि ती परीक्षा लोक झोपेत देतात. अटी सगळ्यांच्या वाचा, कोणत्या दोन एकत्र चालत नाहीत ते तिथंच असतं.

कॉलेज कसं आहे हे कसं ओळखायचं, असंही विचारतात. दुपारी दोन वाजता न सांगता जा आणि कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभे रहा. कुलूप असेल तर समजायचं. लॅब उघडी असेल तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला विचारा, डेटा स्ट्रक्चर कुणी शिकवलं आणि ते सर अजून आहेत का. एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची मर्यादा काढल्यापासून कॉम्प्युटरच्या, एआयच्या, डेटा सायन्सच्या तुकड्या वाढल्यात. तुकड्या वाढल्या तसे शिकवणारे वाढले का, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

उरले कागद. माझ्या अनुभवात शिष्यवृत्ती मार्कांपेक्षा कागदांनी जास्त बुडते. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. बारावीच्या निकालानंतर परभणीच्या समितीसमोर जी गर्दी असते ती बघवत नाही. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, एप्रिल उजाडला की काढून ठेवा. नॉन-क्रिमिलेअरचीही मुदत ३१ मार्चला संपते.

आणि आधारचं खातं. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जे खातं शेवटचं जोडलं गेलं त्यात जातात. पाथरी रोडच्या एका पोराचे पैसे दोन वर्षं ‘जमा’ दिसत होते आणि पासबुकात काहीच नव्हतं. कॉलेजला भांडून आला, मलाही चार शब्द बोलला. मग त्याला आठवलं, बारावीत असताना एका सिमकार्डवाल्यानं अंगठा घेऊन त्याचं कुठलंसं पेमेंट खातं उघडून दिलं होतं. पैसे तिथं मुकाट पडून होते, चहा-भजी खायलाही कुणी काढले नव्हते.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरू नका, तो आपोआप होत नाही. कॉलेजनं फी आधी भरा म्हटलं तर शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत दाखवून हमीपत्रावर भागवून घ्यायचा प्रयत्न करा. कोरा चेक देऊ नका.

माझं केंद्र सकाळी साडेनऊला उघडतं. फॉर्म भरायला येताना पोराला नाहीतर पोरीला सोबत आणा, तिचा फोनही चार्ज करून आणा. ओटीपी तिच्या नंबरवर येतो, आणि दर वर्षी निम्मे बाप एकटेच येऊन मला म्हणतात, भाऊ, तेवढा ओटीपी तुम्हीच टाका ना.