तुम्ही विचारलंत म्हणून : जर्सीवरचं ते नाव

नागपुरात बर्डीवर जर्सीवर नाव छापून देणारा एक पोरगा आहे. मी त्याला लाल जर्सी दिली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं : इरविन, ३. त्यानं चिठ्ठी उलटसुलट केली. "काका, हे तुमचं नाव आहे का जी?" नाही म्हटलं. मुलाचं? तेही नाही. मग तो जरा काळजीनंच बोलला, "सात नंबर टाकून देऊ का? सात लय जातो."

तेव्हापासून ती जर्सी घालून कुठेही गेलो की हाच प्रश्न. मोतीबागेच्या मैदानाबाहेर चहा पिताना, भाच्याच्या दोस्तांमध्ये, एकदा तर एका हळदीत. "इतकी वर्षं मँचेस्टर युनायटेड पाहता म्हणता, बेस्ट झाला, कँटोना झाला, बेकहॅम, रूनी, रोनाल्डो झाले, आणि पाठीवर हा कोण?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लांबेल थोडं.

डेनिस इरविन हा फुटबॉलपटू, आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचा. लीड्स क्लबनं त्याला फुकटात सोडून दिलं, ओल्डहॅमनं उचललं आणि १९९० मध्ये युनायटेडनं ६ लाख २५ हजार पौंडांना घेतलं. १२ वर्षं राहिला, ५२९ सामने खेळला, ३३ गोल केले, ७ वेळा इंग्लंडची लीग जिंकली. एवढं सांगूनही समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, हा माझा अनुभव आहे. कारण इरविनचं असं एकही दृश्य नाही की जे लोकांनी दहा वेळा पाहिलं असेल. कॉलर वर करून उभा राहिलेला कँटोना डोळ्यांसमोर येतो. इरविन येत नाही. तो आपल्या जागेवर असतो, एवढंच.

आता माझं सांगतो. मी रेशीमबागेच्या मैदानावर लेफ्ट बॅक, म्हणजे बचावात डावीकडे, खेळायचो. उजव्या पायाचा असून. आमच्याकडे रीत अशी की ज्याला पुढं खेळता येत नाही तो बॅक, आणि त्यातही जो उशिरा पोचला तो लेफ्ट बॅक. माझं घर लांब होतं. सहा-सात वर्षं खेळलो, वाईट खेळलो नाही. पण एका स्पर्धेच्या फायनलमध्ये मी कीपरकडे दिलेला बॅकपास आखूड पडला, त्यांच्या फॉरवर्डनं मधेच घेतला, आणि आम्ही हरलो. आज २५ वर्षांनंतरही जुना कोणी भेटला की पहिलं वाक्य, "अबे, तो बॅकपास!" त्या सहा-सात वर्षांत लाइनीवरून किती चेंडू काढले, कोणाला विचारा. माझ्या सगळ्या फुटबॉलची शिल्लक म्हणजे ते तीन सेकंद.

म्हणून केबलवर इंग्लंडचे सामने दिसायला लागले तेव्हा सगळे चेंडूकडे पाहत होते आणि मी लेफ्ट बॅककडे. तोही उजव्या पायाचा निघाला! आला तेव्हा तो उजव्या बाजूला खेळायचा. १९९१ मध्ये पॉल पार्कर आला आणि याला डावीकडे सरकवलं. दुसरा कोणी कुरकुरला असता. यानं डाव्या पायानं क्रॉस टाकायला सुरुवात केली. उजव्या पायाचा माणूस डावीकडे असण्याचा एक फायदा असतो, तो मला रेशीमबागेत कोणी सांगितला नव्हता : समोरचा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा, लाइन सोडून आत वळला की थेट याच्या जोरकस पायावर येतो. इरविन त्याला आत येऊ द्यायचा. झडप नाही, जमिनीवर लोळण नाही. शेवटच्या क्षणी पाय पुढे, चेंडू याच्याकडे. त्याच्या शॉर्ट्सला माती लागलेली मी फार कमी पाहिली.

आणि त्याच्यापुढे कोण, तर रायन गिग्ज. गिग्ज चेंडू घेऊन सुटला की अख्खं स्टेडियम उभं राहायचं. पण गिग्जचा चेंडू कधी ना कधी जायचाच, आणि मग डावीकडे मागं जे मोकळं रान पडायचं ते राखायला हा. गिग्जला बिनघोर धावता आलं त्यात याचा वाटा किती, हे कोणत्या आकड्यात बसणार?

बरं, गोलही करायचा. जानेवारी १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर युनायटेड ३-० नं पुढे होतं, त्यातला तिसरा गोल इरविनची फ्री किक. पुढे सामना ३-३ झाला आणि ती किक गेली विसरून. हे त्याच्या नशिबाला शोभेलसंच. कँटोनानं १९९७ मध्ये बूट टांगले, तर पेनल्टी मारायचं काम बॅककडे आलं. तेव्हाचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन त्याला दहापैकी आठवाला डेनिस म्हणायचे, दर सामन्यात आठ गुणांचा खेळ ठरलेला म्हणून. आपल्या सर्वोत्तम संघाचा विषय निघाला की ज्याची जागा शंभर टक्के पक्की असा खेळाडू म्हणून ते याचंच नाव घेत. रोनाल्डो, कीन, श्मायकेल हाताखालून गेलेल्या माणसाचं हे मत आहे.

त्याचीही एक चूक आहे, नाही असं नाही. ५ मे १९९९, पुन्हा लिव्हरपूल. आधी यानं पेनल्टीवर गोल केला. मग खेळ थांबल्यावर चेंडू उगाच पुढं मारला, रेफरीला तो वेळकाढूपणा वाटला, दुसरं पिवळं कार्ड आणि बाहेर. त्यापायी एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची, फायनल हुकली. मला ते पाहून वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू? बरं वाटलं. चला, याचाही एक बॅकपास आहे.

त्याच महिन्याच्या २६ तारखेला बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल होती, बायर्न म्युनिकशी. आपल्याकडे रात्री सव्वाबारा वाजता सुरू. नागपुरात नुकता नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागलेला. बैठकीत बाबा झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद, कूलरचा मात्र विमानासारखा. सहाव्या मिनिटाला बायर्ननं फ्री किकवर गोल केला आणि मग जवळजवळ दीड तास काहीच होईना. ९० मिनिटं भरत आली तेव्हा कूलरची टाकी संपली. गरम झळ आल्याबरोबर बाबा झोपेतच बोलले, "पाणी टाक रे." मी बादली घेऊन मोरीत गेलो. परत आलो तर १-१. शेरिंगहॅमचा गोल माझा बादलीत गेला. दुसरा, सोल्शारचा, मी ओल्या पायांनी उभ्यानं पाहिला आणि तोंडावर हात दाबून ओरडलो.

त्या रात्रीचे लोक म्हटले की हे दोघं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कीन आणि स्कोल्स निलंबित होते, म्हणून सगळा संघ उलथापालथा करून लावला होता. गिग्ज उजवीकडे, बेकहॅम मध्ये आणि डावीकडे येस्पर ब्लोमक्विस्ट हा स्वीडिश पोरगा. त्याला काढूनच शेरिंगहॅमला आत घेतलं. नंतर गुडघ्यानं दगा दिला आणि युनायटेडसाठी तो पुन्हा जवळजवळ दिसलाच नाही. बचावाच्या मध्यभागी यॅप स्टॅमशेजारी नॉर्वेचा रॉनी योन्सेन. दुखापतींतून वेळ मिळायचा तेव्हा खेळायचा आणि खेळायचा तेव्हा स्टॅमइतकाच भक्कम वाटायचा. आणि डावीकडे मागं, आपल्या जागेवर, तीन नंबर.

भाचा म्हणतो, मामा, अशी दुर्लक्षितांची यादी करायची तर पार्क जी-सुंग हवा. मी घेत नाही. पार्क कमालीचा खेळाडू होता. २०१० मध्ये त्यानं मिलानच्या पिर्लोला सावलीसारखं चिकटून अक्षरशः गायब केलं होतं. पण आता ज्याला त्याला पार्कच 'दुर्लक्षित' वाटतो. इतक्या लोकांनी दुर्लक्षित म्हटलेला माणूस दुर्लक्षित कसला? मायकल कॅरिक चालेल. २००६ मध्ये आला तेव्हा क्लबनं तीन वर्षं लीग जिंकली नव्हती, तो आल्यावर ओळीनं तीन जिंकल्या. त्याचे पास इतके साधे दिसायचे की अवघड होते हे कळायला पुढचा पास पाहावा लागायचा.

खरी मंडळी मात्र जुनी आहेत. त्यांना खेळताना मी पाहिलेलं नाही, हे आधीच कबूल करतो. इरविनच्या आधीचा आयरिश लेफ्ट बॅक टोनी डन. १९६० मध्ये डब्लिनच्या शेलबर्नकडून ५ हजार पौंडांत आला. ५३५ सामने, २ गोल. चार्ल्टन, लॉ, बेस्ट असलेल्या संघात हा माणूस १३ वर्षं मागं उभा होता आणि १९६८ च्या युरोपियन कपच्या फायनलमध्येही होता. शेवटी १९७३ मध्ये फुकटात सोडला. डेनिस व्हायोलेटनं १९५९-६० च्या हंगामात लीगमध्ये ३२ गोल केले. तो क्लबचा विक्रम आजही टिकून आहे. २००७-०८ मध्ये रोनाल्डो ३१ वर थांबला. मैदानाबाहेर पुतळे मात्र चार्ल्टन, लॉ, बेस्ट यांचे आहेत.

आणि हॅरी ग्रेग. याच्यापाशी मी नेहमी अडकतो. डिसेंबर १९५७ मध्ये डॉनकॅस्टरकडून आला तेव्हा कीपरसाठी मोजलेली ती जगातली सर्वांत मोठी रक्कम होती, २३,५०० पौंड. दोनच महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १९५८ ला, बेलग्रेडहून परतताना म्युनिकच्या चिखलबर्फाळ धावपट्टीवर तिसऱ्यांदा उडण्याच्या प्रयत्नात संघाचं विमान कोसळलं. २३ माणसं गेली, त्यात ८ खेळाडू. ग्रेग बाहेर पडला होता. पळा, स्फोट होईल, असं ओरडत होते. तो परत आत शिरला. एका तान्ह्या मुलीला बाहेर काढलं, मग तिच्या गरोदर आईला. बॉबी चार्ल्टन आणि व्हायोलेट यांना कमरेच्या पट्ट्याला धरून ओढत दूर नेलं. त्यानंतर १३ दिवसांनी शेफील्ड वेन्सडेविरुद्ध गोलपोस्टमध्ये उभा राहिला. सामन्याच्या पुस्तिकेत युनायटेडच्या ११ जागा कोऱ्या ठेवल्या होत्या, कोण खेळणार ते छापताना ठरलंच नव्हतं.

हे सगळं थोडंफार लोकांना माहीत असतं. पण कीपर म्हणून तो कसा होता, हे कोणी विचारत नाही. त्याच वर्षी स्वीडनच्या वर्ल्ड कपमध्ये तो सर्वोत्तम कीपर ठरला. गोलरेषा सोडून पेनल्टी एरियात धावत येणारा कीपर, इंग्लंडमध्ये तेव्हा ही नवलाई होती. मे १९५८ च्या एफए कप फायनलमध्ये बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसनं त्याला चेंडूसकट खांद्यानं जाळ्यात ढकललं आणि रेफरीनं गोल दिला. पुढं खांदे निकामी होत गेले. १९६३ चा कप हुकला. १९६५ मध्ये क्लबनं लीग जिंकली तेव्हा त्या हंगामात याचा एकही सामना नाही. १९६७ मध्ये पुन्हा जिंकली, तोवर हा क्लब सोडून गेला होता. २४७ सामने आणि विजेत्याचं पदक शून्य. हीरो म्हटलेलं त्याला आवडत नसे, हे मला फार पटतं. मरेपर्यंत लोकांनी त्या एका दुपारबद्दलच विचारलं. माझ्या बॅकपासची त्याच्याशी तुलना करणं हा वेडेपणा आहे, कळतं मला. पण डोक्यात येतंच.

गेल्या महिन्यात मी पुन्हा बर्डीवर गेलो. त्या पोराला म्हटलं, हिरवी जर्सी पाहिजे, पूर्ण बाह्यांची, कीपरची. तो म्हणाला, "काका, युनायटेडची हिरवी नसते जी." मी म्हटलं, या कीपरची होती. बरं, नाव काय टाकू? काहीच नको. त्या काळी पाठीवर नावं छापत नव्हते.

त्यानं जर्सी खाली ठेवली. "मग माझ्याकडे काहून आणली?"