आमची वाटचाल: मुठा उजव्या कालव्याच्या काठाने

पुण्यात लोकांना पायी फिरवणाऱ्यांना तोटा नाही. शनिवारवाडा आहे, पेठांमधले वाडे आहेत, मानाचे गणपती आहेत, रविवारी पहाटे निघणारे किल्लेवाले तर गल्लीगल्लीत. आम्ही दोघी जावा या धंद्यात उतरलो तेव्हा भांडवल म्हणावं असं फारसं काही नव्हतं. मी यात्रा कंपनीत तिकिटं-हॉटेलं बघायचे, धाकटी जाऊ शाळेत इतिहास शिकवायची. यात्रा कंपनीत एक मात्र पक्कं कळलं होतं. साठीच्या पुढची मंडळी इतिहासावर जीव टाकतात, पण पायऱ्या म्हटलं की पहिला हात गुडघ्यावर जातो.

म्हणून आम्ही कॅनॉल धरला. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटवरून, वानवडी-हडपसरच्या अंगाने पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. पाणी आपसूक वाहत राहावं म्हणून तो टेकड्यांच्या कडेने एकाच पातळीची रेषा धरून खोदलाय, उतार अगदी नावापुरता. त्यामुळे काठाने चालताना चढ असा लागतच नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनियरांनी पाण्यासाठी केलेली ही सोय आज आमच्या गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांना उपयोगी पडते.

घरच्यांनी वेड्यात काढलं. कॅनॉल म्हणजे कचरा, डास आणि भानगडी, तिथे पैसे देऊन कोण येईल? त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. सगळा काठ चालण्यासारखा नाही. कुठे रस्ता झालाय, कुठे वस्ती अगदी कडेला आलीय, कुठे कुंपण. आम्ही जमतील तेवढेच तुकडे घेतले आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी स्वच्छतागृह आहे की नाही हे आधी पाहिलं. इतिहासाचं पुस्तक उघडायच्या आधी हे बघायचं असतं, पण या धंद्यात नवीन येणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. एम्प्रेस गार्डनचा टप्पा लोकप्रिय झाला त्यात तिथल्या जुन्या झाडांइतकाच वाटा बसायच्या जागेचा आणि नळाचा आहे.

सुरुवात धरणाशी करतो. ब्रिटिश इंजिनियर कर्नल फाइफ यांच्या आराखड्यावरून खडकवासल्याचं दगडी धरण १८६९ साली बांधायला घेतलं. इंग्रजांच्या कागदांत या जलाशयाचं नाव ‘लेक फाइफ’. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी इथे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, म्हणजे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आलं. म्हैसूरचे दिवाण होण्याच्या कितीतरी आधीचं, मुंबई इलाख्यातल्या नोकरीतलं हे काम. निवृत्त इंजिनियर मंडळी इथून हलत नाहीत, पुढचा चहा गार होतो.

जाऊबाईंचा जीव मात्र जोतीराव फुल्यांच्या गोष्टीत. १८७०च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला बांधकाम साहित्य पुरवण्याचं कंत्राट त्यांनी घेतलं होतं. मांजरीला त्यांची शेती होती, आणि १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे तेव्हाच्या भाषेत नगरपालिकेचा सदस्य, अशी करून दिली. फुले म्हणजे शाळा एवढंच ठाऊक असलेली माणसं हे ऐकून चकित होतात.

मग ती सगळ्यांना थांबवून दोन्हीकडे बघायला लावते. डाव्या हाताला, नदीच्या बाजूला, जिथवर पाणी आपोआप पोचलं तिथे बागायत. उजव्या हाताला, रेषेच्या वर, जिरायत. आज दोन्हीकडे इमारतीच दिसतात, पण हडपसरकडचे जुने लोक कुणाची शेतं कॅनॉलखाली होती आणि कुणाची वर, हे अजून घराण्यांच्या नावानिशी सांगतात. सोयरिकीही त्यावर ठरायच्या म्हणे.

पर्वतीच्या टप्प्यात आम्ही टेकडी चढत नाही, खालूनच बोलतो. नानासाहेब पेशव्यांचं देवस्थान, १७६१ साली तिथेच झालेला त्यांचा शेवट, आणि १९२९ साली अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी झालेला सत्याग्रह. चढायचं नसलं की या शेवटच्या विषयाला पुरेसा वेळ देता येतो, एरवी लोक मंदिर आणि वरून दिसणाऱ्या पुण्यातच रमतात. इथून जवळच २७ सप्टेंबर २०१८ रोजी कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं. उंदीर-घुशींनी भराव पोखरला, असं तेव्हा सांगण्यात आलं. ज्यांचे संसार वाहून गेले ते याच रस्त्याने कामाला जातात, म्हणून त्या ठिकाणी फोटो काढू देत नाही. यावरून एक-दोन गट नाराज झाले. होऊ देत.

पानशेतचं बोलायला आम्हाला तोंड उघडावंच लागत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, हे एकाने म्हटलं की प्रत्येकाचं पाणी कुठवर आलं होतं ते सुरू. तेव्हा मी एवढंच जोडते: पेठा पुरात बुडाल्या आणि धरणच गेल्यामुळे प्यायच्या पाण्याचेही हाल झाले. पाटात पाणी नाही, नळाला पाणी नाही.

करोनात सगळं बंद होतं. उघडल्यावर उलट गर्दी वाढली, कारण लोकांना मोकळ्यावर चालायचं होतं. ज्येष्ठ नागरिक संघ येऊ लागले, मग त्यांच्या नातवंडांच्या शाळा. आता मदतीला दोन मुली आहेत. फी अजून नाटकाच्या तिकिटाहून कमी ठेवलीय, त्यामुळे नफा बेताचाच.

खडकवासल्याहून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी न्यायची योजना आहे. गळती आणि चोरी थांबेल, शेतीला पाणी मिळेल, म्हणून ती व्हावी असंच मला वाटतं. शहरातला कालवा त्यानंतर कोरडा पडेल आणि तिथे रस्ता करायची घाई सुटेल, हेही दिसतंय. तोवर आम्ही रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरलेल्या पाळीचं पाणी, कालव्यात सुटतं त्या सुमाराला सहली ठेवतो. यंदा मांजरीच्या पुढचा टप्पा जोडतोय. तिथे वाट दाखवायला एक निवृत्त पाटकरी, म्हणजे शेतांना कालव्याचं पाणी वाटून देणारे, यायला तयार झालेत. मानधन नको म्हणाले, पण चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटावर, पाण्याची बारी लावताना झालेली भांडणं सांगायला पूर्ण एक तास हवा, ही त्यांची अट आहे.