धोटा आपोआप चालला तर

माग चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळे आमच्या आण्णांना हळू बोलणं अजून जमत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत चादरी विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

परवा मी बी.ए.च्या तासाची तयारी करत होते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो म्हणतो, धोटे, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधनं, आपले आपण विणू लागले तर कारागिरांना मदतनीस नकोत आणि मालकांना गुलाम नकोत. मी हे आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"धोटा म्हणाला तो? आपला धोटा?"

"हो."

"मग त्याला सांग, आमचा धोटा आपोआपच पळायचा. पण त्यातली धाग्याची कांडी संपली की बदलणार कोण? तार तुटली की गाठ कोण मारणार? मोटार आली म्हणून माणूस सुटला नाही. दोनाचे चार माग गळ्यात आले."

एकाची, थोड्यांची की पुष्कळांची सत्ता, आणि ती सर्वांच्या हिताची की स्वतःच्या, यावरून ॲरिस्टॉटलने राज्याचे सहा प्रकार केले. ते मुलं पाठ करतात. माझा आवाज अडखळतो तो पुढे. उत्तम राज्यात कारागीर नागरिक नसावेत, असं त्याचं मत. का, तर सद्गुणाला आणि राजकारणाला फुरसत लागते आणि हाताने राबणाऱ्याला ती नसते.

फुरसतीचं त्याचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच जास्त लागतं. बारा तासांची पाळी करून आलेले आण्णा वॉर्डातल्या एकाही सभेला गेल्याचं मला आठवत नाही. पण म्हणून त्यांचं नागरिकत्व काढायचं? प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सने तसं केलं नाही. तिथे कुंभार, चांभार सभेत बसायचे. तिथला नेता पेरिक्लीस याने न्यायसभेत बसणाऱ्यांना रोजचा भत्ता सुरू केला. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला नागरिकांच्या सभेच्या हजेरीलाही पैसे मिळू लागले, पुढे ते 3 ओबोल (तिथलं छोटं नाणं) झाले. बायकांना आणि गुलामांना मात्र तिथे जागा नव्हती, म्हणजे मलाही नसती. तरी गरिबाचा बुडालेला रोज भरून द्यावा, हे त्या शहराला सुचलं होतं.

"सभेला बसायचा रोज?" आण्णांनी दोनदा विचारलं. मग बराच वेळ गप्प राहिले.

उठून त्यांनी माळ्यावरून जुना धोटा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

"मुलांना दाखव. टोकं लोखंडाची आहेत, जपून."