सिव्हिलच्या खेपा आणि सुनेची वही

स्मृतिभ्रंशाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मी गावाकडच्या घरांसोबत सिव्हिलच्या खेपा घालते. अर्ज अवघड नाही. स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद चढवायचे. अडतं ते तपासणीच्या दिवशी, आणि रोजावर जाणाऱ्या घराचं जास्त अडतं.

आधी फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: मानसिक आजाराची तपासणी (स्मृतिभ्रंश त्यातच धरतात) कोणत्या वारी असते आणि मनोविकारतज्ज्ञ त्या दिवशी आहेत का. नुसता वार विचारून गेलं की 'डॉक्टर रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या' ऐकून परतावं लागतं. ७५ च्या पुढे एसटी फुकट आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे. पण घडोघडी लघवीला उठणाऱ्या आजींना घेऊन एसटीत बसवत नाही, जीपच करावी लागते. शिवाय सुनेचा खुरपणीचा रोज बुडतो, मुलगा सोबत आला तर त्याचाही.

टक्के 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर ठरतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला ० ते ४ गुण. आजार किती जुना, याचे वेगळे १ ते ४. एकूण २० पैकी ७ झाले तर ४० टक्क्यांची पायरी गाठली जाते; त्याखालच्या प्रमाणपत्राचा फारसा उपयोग होत नाही. 'कधीपासून?' विचारलं की घरचे म्हणतात, 'पडल्यापासून, सहा महिने झाले.' खोदून विचारलं तर निघतं, की तीन वर्षांपूर्वीच आजी आठवडी बाजारातून परतताना वाट चुकल्या होत्या, आमटीत दोनदा मीठ पडत होतं. म्हातारचळ म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दोन वर्षांच्या आतल्या आजाराला १ गुण, दोन ते पाच वर्षांना २. सहावर अडकलेल्या आजींना तो एक गुण फार मोठा असतो. म्हणून कुणाचं लग्न, कुठली पेरणी, कोणती दिवाळी असं धरून सुरुवात घरीच नक्की करून घ्या.

म्हातारी माणसं परक्यासमोर सावरून बसतात. 'जेवलात?' 'हो, झालं की.' 'घरातलं काम करता?' 'सगळं मीच करते.' पाच मिनिटांत डॉक्टरांना आणखी काय दिसणार? तिथे वही कामी येते. आठ दिवस रोज लिहायचं: 'मंगळवार. रात्री तीनदा उठल्या, दाराची कडी काढत होत्या. लुगडं मी नेसवलं. जेवून अर्धा तास झाल्यावर म्हणाल्या, मला कुणी वाढलंच नाही.' काय झालं आणि कुणी निस्तरलं, एवढंच. सुनेला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी नात लिहिते. एरवी धड असलेलं माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं, तर तेही वहीत दिसतं. तो बहुधा मूळ आजार वाढलेला नसतो. लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो, लगेच दवाखाना गाठा.

शाळेची पायरी न चढलेल्या आजींना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तर उत्तर चुकणारच, त्यावरून स्मृती कळत नाही. 'आई शिकलेली नाही, तिला चालेल अशी चाचणी घ्या' हे आत शिरतानाच सांगा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या शंभरांत सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे, आणि तो बायकांत, खेड्यांत, कमी शिकलेल्यांत अधिक आढळतो.

पैशाचं गणित तर मला पटतच नाही. जुन्या कररचनेत कर भरणाऱ्या मुलाला आईच्या उपचारखर्चापोटी १ लाखापर्यंत वजावट मिळते. निराधार म्हाताऱ्यांना दरमहा मदत देणाऱ्या श्रावणबाळ योजनेसाठी मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, म्हणजे महिना १,७५०. सासूसाठी सुनेनं मजुरी सोडली असेल, तर तलाठ्यांकडे उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी होतानाच ते स्पष्ट सांगा. नाहीतर बुडालेली मजुरीसुद्धा उत्पन्नात धरली जाते.