एका अक्षराची जागा

झ्यूरिकमध्ये आमच्या नाण्यांच्या तपासणीच्या टेबलावर त्या दिवशी बिस्किटांच्या डब्याएवढी एक लाकडी पेटी आली. वडील वारल्यावर बहीण-भाऊ त्यांचा संग्रह विकायला घेऊन आले होते. संग्रह एकाच विषयाचा होता, आल्प्समधली जनावरं आणि झाडंफुलं. "बाबा सांगायचे, पस्तीस सालचं नाणं बाकीच्यांत मिसळू नका," बहीण म्हणाली आणि एक पाकीट वेगळं काढून ठेवलं.

वरच्या कप्प्यात चार मोठी पिवळीधमक नाणी होती. रानबोकड २००७, सोनगरुड २००८, सांबरासारखं दिसणारं तांबडं हरीण २००९ आणि बिळात राहणारं मार्मोट २०१०. स्विस नॅशनल पार्कवरची ही दहा फ्रँकची मालिका देखणी आहे, पण त्यात सोनं नावालाही नाही. पिवळा भाग आल्युमिनियम-ब्राँझचा असतो, पांढरा तांबं-निकेलचा. वारसदारांची पहिली निराशा बहुतेक वेळा इथेच होते, म्हणून हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते.

दुसऱ्या कप्प्यात ऑस्ट्रियाची शंभर युरोची चार सोन्याची नाणी होती: हरीण २०१३, रानडुक्कर २०१४, कॅपरकेली हा जंगलकोंबडा २०१५ आणि कोल्हा २०१६. वजन १६.२३ ग्रॅम, पत ९८६ (हजार भागांत एवढं सोनं), म्हणजे शुद्ध सोनं १६ ग्रॅम. व्यास ३० मिलिमीटर. व्हिएन्नाची जुनी डुकॅट नाणीही याच ९८६ च्या पतीची. हे सोनं मऊ असतं आणि नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी. कोल्ह्याचं नाणं प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमधून काढून कुणीतरी प्रेमाने कापडाने पुसलं होतं. सरळ धरलं तर काही दिसत नाही. दिव्याखाली थोडं तिरपं केलं की आरशावर केसासारख्या बारीक रेषांची गोल जाळी उमटते. ती काही केल्या जात नाही. संग्राहकाला हवी असते ती अस्पर्श लकाकी, आणि ती गेली की नाणं सोन्याच्या भावाजवळ येऊन बसतं. डाग पडलाच असेल तर नाणं काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये ठेवावं (नेलपॉलिशचा रिमूव्हर चालत नाही), मग डिस्टिल्ड पाण्यातून काढून हवेवर वाळू द्यावं. अजिबात घासू नये. प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटपणा यात निघतो. तांब्याचे लाल ठिपके निघत नाहीत, आणि ते काढायच्या नादाला लागूही नये.

खालच्या कप्प्यात सहा व्रेनेली निघाल्या, बहिणीच्या पाकिटातली धरून सात. वीस फ्रँकचं हे स्विस सोन्याचं नाणं १८९७ पासून निघालं. वजन ६.४५ ग्रॅम, पत ९००, शुद्ध सोनं ५.८१ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाचा जवळपास अर्धा तोळा. न्यूशातेलच्या फ्रिट्झ लांद्रींनी काढलेली हेल्व्हेशिया, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री, डोंगरांपुढे खांद्यापर्यंत दिसते. केसांची वेणी डोक्याभोवती आणि खांद्याजवळ एडलवाइस या आल्प्समधल्या फुलांची माळ. खऱ्या एडलवाइसच्या पांढऱ्या पाकळ्या या पाकळ्या नसतातच, लव असलेली पानं असतात. खरी फुलं मधल्या पिवळ्या गोंड्यांत असतात. लांद्रींनी ते एवढ्याशा जागेत नेमकं पकडलंय: बाहेर रेषारेषांची पानं आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. बनावट नाण्यात आधी इथेच गोंधळ होतो, ठिपके एकमेकांत मिसळून साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत दिसतात. गेल्या शतकातली कित्येक बनावट नाणी खऱ्या सोन्याची आहेत, त्यामुळे नुसत्या कसावर विसंबता येत नाही.

वेगळ्या ठेवलेल्या पाकिटात १९३५ बी होतं. बी म्हणजे बर्नची टांकसाळ. त्या सालाची नाणी दोन प्रकारची. साध्या १९३५ बी ची संख्या १,७५,०००. सालाआधी एल हे अक्षर असलेली मात्र १९४५ ते १९४७ मध्ये पाडली गेली, आणि तीही सुमारे दोन कोटी. एल नसलेल्याला जास्त पैसे मिळतात.

वजन भरलं ६.४४९. व्यास २१ मिलिमीटर. एक्स-रे यंत्राने पत ९०० दाखवली, पण ते वरचा पातळ थरच वाचतं, म्हणून पाण्यातलं वजन घेतलं. दोऱ्याच्या फासात नाणं अडकवून डिस्टिल्ड पाण्यात बुडवायचं, वजनात येणारी घट बघायची आणि हवेतल्या वजनाला तिने भागायचं. घट आली ०.३८१, म्हणजे घनता १६.९. ९०० च्या सोन्याला ती १७.२ च्या आसपास हवी. क्षणभर शंका आली. मग दिसलं, कडेच्या ताऱ्यांपाशी हवेचा बुडबुडा चिकटला होता. अल्कोहोलच्या थेंबाने नाणं ओलं करून पुन्हा बुडवलं: ०.३७५, घनता १७.२. पाच-सहा मिलिग्रॅमचा फरक पाडणाऱ्या बुडबुड्याने चांगलं नाणं खोटं ठरतं, म्हणून ही मोजणी मी कधीच एकदा करून थांबत नाही. कडेवरचे उठावाचे तारे मोजले. बावीसच्या बावीस होते.

सोनं खरं होतं, टांकसाळही खरी होती. एडलवाइसचे ठिपके तर इतके टवटवीत होते की नाणं कधी खिशात फिरलंच नसावं. खटकलं ते हेच. पुढची बाजू कोरी करकरीत होती, आणि मागे सालाच्या डावीकडे तिळाएवढा भाग मेलेला होता.

नाणं पाडताना धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा राहतात. दिव्याखाली नाणं फिरवलं की त्या रेषांमुळे झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. इथे ती फिरता फिरता त्या तिळावर तुटत होती. दहापट भिंगाखाली फारसं कळलं नाही. चाळीसपट मायक्रोस्कोपखाली एकाच दिशेने गेलेल्या खरवडीच्या रेषा दिसल्या आणि त्यांवर पॉलिशचा हात. पेटीत एल असलेल्या दोन व्रेनेली होत्याच. त्यांतली एक शेजारी ठेवली. मेलेला भाग बरोबर एलच्या जागी होता. कुणीतरी ते अक्षर खरवडून काढलं होतं. एवढ्याशा अक्षराचं सोनं मिलिग्रॅमभरही नसतं, त्यामुळे वजनात काहीच कळलं नव्हतं.

भावाला वाटलं आम्ही भाव पाडतोय. मी काही न बोलता दोन्ही नाणी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि दिव्याची दांडी त्याच्या हातात दिली. त्याने दिवा हळूहळू फिरवला आणि दोनदा परत त्याच जागी आणला. "बाबांनी हे केलं नसेल ना?" त्याने विचारलं. खरवड कुणाची आणि कधीची, हे नाणं सांगत नाही; तेच मी त्याला सांगितलं.

पाकिटावर लिहिलं: "२० फ्रँक, एल १९३५ बी, एल काढलेला, सोनं ५.८१ ग्रॅम." पेन्सिलीने नाण्याचं वर्तुळ काढून त्या जागेवर बाण केला, म्हणजे पुढे कुणाच्याही हाती गेलं तरी ते पुन्हा साधं १९३५ म्हणून विकलं जाणार नाही. बाकी सहा व्रेनेली आणि ऑस्ट्रियाची चार नाणी त्यांनी विकायला ठेवली. बाणाचं पाकीट बहिणीने पर्समध्ये टाकलं.